घुसखोर शिंपल्याला वेळेत गाठायचं तर

पुण्याजवळच्या माण गावालगत वाहणाऱ्या मुळा नदीच्या गाळात अर्धा रुतलेला काळपट शिंपला दिसला, तर बहुधा तो इथलाच. दख्खनच्या नद्यांतल्या लॅमेलिडेन्स शिंपल्याच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस माशाच्या कल्ल्यांना नाहीतर परांना धरून काढावे लागतात. मासा नाही तर पुढची पिढी नाही. म्हणून तो पसरतो सावकाश.

सरकारांची झोप उडवणारे शिंपले वेगळे. त्यांच्या सूक्ष्म अळ्यांना मासा लागत नाही, त्या पाण्यातच तरंगतात. होडीच्या तळाशी उरलेलं तांब्याभर पाणी त्यांना दुसऱ्या तलावात पोचवू शकतं. मोठे झाले की ते चिवट धाग्यांनी खडकाला, पाइपला, पंपाला चिकटतात आणि थरावर थर चढून पाण्याची वाट बुजते.

महाराष्ट्रातही असा एक घुसखोर आहे. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा मायटिलॉप्सिस 1967 साली विशाखापट्टणमला सापडला आणि 1970च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत. तो मुख्यतः मचूळ पाण्यातला, पण खारटपणातले मोठे चढउतार सोसतो. इथे तो रुजला तो रुजलाच.

हाच शिंपला मार्च 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला आढळला. सरकारनं काही दिवसांतच होड्यांच्या तीन मरीना बंद केल्या आणि पाण्यात ब्लीच आणि मोरचूद ओतलं. आतले इतर जीवही मेले, पण शिंपला समूळ गेला. डार्विनची भरती-ओहोटी प्रचंड असल्यानं त्या मरीनांना पाणी अडवणारी लॉकगेट होती, म्हणूनच हे जमलं. वाहत्या नदीला दार नसतं. तिच्यात मोरचूद ओतायचं म्हणजे खालच्या गावांचं पाणी नासवायचं.

कॅलिफोर्नियात ऑक्टोबर 2024 मध्ये स्टॉकटन बंदराजवळ असाच दुसरा घुसखोर, सोनेरी शिंपला, सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. तिथे आता भर आहे तो होड्या तपासण्यावर. काही जलाशयांत तर होडी सील करून 30 दिवस बाहेर ठेवल्याशिवाय पाण्यात उतरवू देत नाहीत. जाच वाटेल, पण माझ्या मते खरा उपाय हाच. उशीर झाल्यावर उरतं ते वर्षानुवर्षं पाइप खरवडणं.

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र माणपासून फार लांब नाही, आकुर्डीतच आहे. मुळेच्या खडकाला किंवा पंपाच्या जाळीला धाग्यांनी चिकटलेले शिंपल्यांचे घोस दिसले, तर ते उपटून दुसरीकडे टाकू नका. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि या केंद्राला कळवा.