आर्केलॉन: माळरानात सापडलेलं सागरी महाकासव

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात आज दूरवर गवताळ माळ पसरलेला दिसतो. समुद्राचा मागमूसही नाही. तरीही १८९५ साली जॉर्ज वीलँड यांना तिथे शेयेन नदीजवळच्या खडकात एका अवाढव्य सागरी कासवाचा सांगाडा मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांनी या प्राण्याला आर्केलॉन हे नाव दिलं.

समुद्री कासव माळावर कसं? क्रिटेशियस काळात, सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र पसरला होता. त्याच्या तळाच्या गाळाचे पुढे खडक झाले आणि हाडं त्यांत टिकून राहिली.

आर्केलॉनचा सर्वांत मोठा ज्ञात सांगाडा व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. त्याची लांबी साडेचार मीटरहून अधिक, म्हणजे आजच्या कुठल्याही कासवाच्या कितीतरी पुढे! एवढ्या देहावर सलग हाडांची जड ढाल मात्र नव्हती. फासळ्यांमध्ये मोकळ्या जागा होत्या आणि वरून बहुधा चामड्यासारखं आवरण असावं, आजच्या लेदरबॅक कासवासारखं. जबड्याचं टोक चोचीप्रमाणे खाली वळलेलं होतं.

मला सर्वांत बोलका वाटतो तो वीलँड यांना सापडलेला, येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयातला सांगाडा. त्याच्या उजव्या मागच्या वल्ह्याचा खालचा भाग नाही. उरलेलं मांडीचं हाडही डाव्यापेक्षा खुरटलेलं आहे. यावरून वीलँड यांनी अनुमान काढलं, की लहानपणीच कुण्या शिकाऱ्यानं तो पाय तोडला असावा. म्हणजे हे कासव तीनच वल्ह्यांवर पोहत एवढं मोठं झालं.