फाइल प्रणालीची पुनःप्राप्ती

संगणकाच्या हार्ड डिस्कवरील फाइल प्रणाली बिघडल्यामुळे वाचता न येणारी माहिती पुन्हा हस्तगत करण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा लावतात. अशा बिघाडात मूळ माहिती बहुधा तबकडीवर जशीच्या तशी असते; बिघडलेले असते ते ती कोठे आहे हे सांगणारे दफ्तर. ग्रंथालयातील पुस्तके फडताळात शाबूत आहेत, पण तालिका-पत्रे मात्र विस्कटली आहेत, अशी ही अवस्था होय. कार्यालय, रुग्णालय, विद्यापीठ इ. ठिकाणी अनेकांच्या उपयोगाची माहिती एकत्र सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या बाबतीत ती विशेष गंभीर ठरते. सर्व काम एकाच वेळी खोळंबते आणि ते लवकर सुरू करण्याच्या दडपणाखाली केलेल्या दुरुस्तीनेच पुष्कळदा शाबूत माहितीचा नाश होतो.

रचना : लिनक्स या परिचालन प्रणालीत २००८ पासून प्रचारात असलेली एक्स्ट४ ही फाइल प्रणाली उदाहरणादाखल घेता येईल. तीत तबकडीवरील जागा सामान्यतः ४,०९६ बाइटांच्या ब्लॉकांत विभागलेली असते व असे ३२,७६८ ब्लॉक मिळून एक गट होतो. कोणते ब्लॉक वापरात आहेत हे दाखविणारा नकाशा एका ब्लॉकात मावावा लागतो व एका ब्लॉकात तेवढेच बिट असतात, म्हणून ही संख्या आली आहे. विभागाच्या प्रारंभापासून १,०२४ बाइट सोडून सुपरब्लॉक असतो. ब्लॉकांचा आकार, त्यांची एकूण संख्या, गटांची मांडणी इ. मूलभूत गोष्टी त्यात नोंदलेल्या असतात आणि षोडशमान अंकनातील ईएफ५३ या खुणेवरून तो ओळखता येतो. प्रत्येक फाइलसाठी आयनोड नावाची एक नोंद असते. तीत फाइलचा मालक, आकार, काळ व तिचे ब्लॉक कोठे आहेत ही माहिती असते. फाइलचे नाव मात्र नसते. नाव आणि आयनोडाचा क्रमांक यांची जोडी निर्देशिकेत असते. ही विभागणी ध्यानात घेतल्याशिवाय पुनःप्राप्तीचे पुढील वर्तन समजत नाही.

सुपरब्लॉक एकच असता, तर तो खराब होताच सर्व काही हरवले असते. म्हणून त्याच्या प्रती ठेवण्याची पद्धत पडली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्समध्ये १९८३ साली आलेल्या फाइल प्रणालीत या प्रती प्रत्येक गटात थोड्या थोड्या पुढे सरकवून मांडलेल्या होत्या. त्यामुळे एखादा मार्ग, एखादा दंडगोल किंवा एक संपूर्ण तबकडी निकामी झाली, तरी सर्व प्रती एकदम जात नसत. एक्स्ट४ मध्ये त्या सामान्यपणे गट क्र. १ आणि ३, ५ व ७ यांच्या घातांकांच्या क्रमांकांचे गट यांत असतात. १,०२४ गिगाबाइटांच्या विभागात ८,१९२ गट आणि अशा १८ प्रती होतात. पहिली प्रत ३२,७६८ क्रमांकाच्या ब्लॉकात सापडते.

बिघाडाची कारणे : एक फाइल वाढविताना नकाशा, आयनोड, निर्देशिका अशा अनेक ठिकाणी लेखन करावे लागते. मध्येच वीज गेली की काही नोंदी नव्या व काही जुन्या राहतात. यावर उपाय म्हणून करावयाचे बदल आधी एका राखीव जागेत क्रमाने लिहून ठेवतात. पेढीवर व्यवहार प्रथम रोजकीर्दीत नोंदवून मग खतावणीत उतरवितात, तसेच हे आहे. वीज परत आल्यावर कीर्दीतील पूर्ण नोंदी खतावणीत उतरविल्या जातात व अपूर्ण नोंदी सोडून दिल्या जातात. मात्र या कीर्दीत सामान्यतः केवळ रचनेच्या नोंदी असतात, फाइलमधील मजकूर नसतो. म्हणून प्रणाली सुसंगत आणि मजकूर अर्धवट असे होऊ शकते. सदोष स्मृती, लेखन पूर्ण झाल्याचे खोटेच कळविणारा नियंत्रक, तबकडीवरील खराब खंड आणि एकच विभाग दोन संगणकांनी एकाच वेळी वापरणे यांपुढे कीर्दीचाही इलाज चालत नाही.

पद्धती : बिघाड दिसताच त्या विभागावरील सर्व लेखन थांबविणे ही पहिली पायरी होय. नंतर संपूर्ण डिस्कची बाइटास बाइट अशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतात आणि पुढील सर्व प्रयोग प्रतीवरच करतात. या पायरीला वेळ लागतो म्हणून ती टाळली जाते. प्रस्तुत विषयात याहून महाग पडणारी काटकसर नाही. खराब खंड असलेल्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हा कार्यक्रम वापरतात. तो सहज वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतो, अडणाऱ्या जागा टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मरणपंथाला लागलेल्या यंत्राची उरलेली शक्ती वाचनीय भागावर खर्च व्हावी, हा त्यामागील विचार आहे.

प्रतीवर प्रथम केवळ वाचनाच्या अवस्थेत तपासणी करतात. सुपरब्लॉक गेला असल्यास तपासनीस कार्यक्रमाला त्याच्या दुसऱ्या प्रतीचा क्रमांक देतात. एफएससीके हा असा कार्यक्रम १९७० नंतरच्या दशकात युनिक्ससाठी तयार झाला. त्याचा एक्स्ट कुलातील अवतार पाच फेऱ्यांत काम करतो : आयनोड, निर्देशिकांची रचना, त्यांची परस्पर जोडणी, संदर्भांची संख्या आणि शेवटी गटांचे नकाशे. कोणत्याही निर्देशिकेत नाव नसलेला आयनोड आढळला, तर तो ‘हरवले-सापडले’ अशा अर्थाच्या निर्देशिकेत केवळ क्रमांकाने ठेवला जातो. हजारो फाइली अशा निनावी होऊन परत येतात व त्या ओळखण्याचे काम यंत्राचे नसून माणसाचे असते. या कार्यक्रमाचे उद्दिष्ट रचना सुसंगत करणे हे आहे, माहिती वाचविणे हे नव्हे. परस्परविरोधी नोंदींपैकी एक तो पुसून टाकतो आणि पुसलेली नोंदच खरी असू शकते. सर्व प्रश्नांना आगाऊ ‘होय’ उत्तर देऊन मूळ डिस्कवर तो चालविणे म्हणूनच धोक्याचे असते.

रचना पूर्णपणे गेली असल्यास मजकुराच्या खुणांवरून फाइली हुडकतात. उदा., जेपीईजी चित्राचा आरंभ षोडशमान एफएफ डी८ एफएफ या बाइटांनी होतो. या मार्गाने नावे व निर्देशिका मिळत नाहीत, आणि एकाच फाइलचे तुकडे दूरदूर विखुरलेले असल्यास ती जुळत नाही. कोलंबिया हे अवकाशयान १ फेब्रुवारी २००३ रोजी नष्ट झाले, तेव्हा त्यातील झेनॉन वायूच्या श्यानतेविषयीच्या (दाटपणाविषयीच्या) प्रयोगाची डिस्क जळालेल्या स्थितीत मिळाली होती. तरीही तिच्यातील सु. ९९ टक्के माहिती वाचता आली व प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. डिस्क सु. निम्मीच भरलेली होती आणि डॉस प्रणालीने माहिती विखुरलेली नव्हती, याचा त्यात मोठा वाटा होता. याउलट घन-अवस्था डिस्कमध्ये पुसलेल्या फाइलींचे ब्लॉक मोकळे झाल्याची सूचना डिस्कला दिली जाते व ती ते स्वतःच रिकामे करते. तेथे हुडकण्याजोगे सहसा काही उरत नाही.

सर्व्हरमध्ये अनेक डिस्क एकत्र जोडून समतेच्या अंकांवरून एका निकामी डिस्कची भरपाई करतात. १०११ व ०११० यांची समता ११०१ होते. तिन्हींपैकी कोणतेही दोन अंक हाती असल्यास तिसरा काढता येतो. ही योजना डिस्क निकामी झाल्यास उपयोगी पडते, फाइल प्रणाली बिघडल्यास नाही, कारण चुकीचे लेखनही ती तितक्याच निष्ठेने सर्व डिस्कांवर उतरविते. अशा संचातील माहिती मिळविताना प्रत्येक डिस्कची स्वतंत्र प्रत घेऊन डिस्कांचा क्रम, पट्ट्यांचा आकार आणि समतेची मांडणी आधी निश्चित करावी लागते. क्रम चुकला तर पुनर्रचनेत चुकीचेच अंक लिहिले जातात.

स्वतंत्र ठेवलेल्या प्रतींवरही त्या परत वाचून पाहिल्याखेरीज भिस्त ठेवता येत नाही. गिटलॅब या संस्थेच्या मुख्य सर्व्हरवरील माहितीसाठा ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीच्या प्रती आवृत्तींतील तफावतीमुळे तयारच होत नसल्याचे उघडकीस आले. सु. सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत तेवढी हाती होती. तिच्यावरून साठा उभा करण्यात आला व मधल्या काळातील नोंदी गेल्या.