उंच मुलाचे मोजमाप

बालरोगतज्ज्ञाकडे मूल बहुधा आजारी असते म्हणून आणले जाते. गेल्या काही वर्षांत मात्र आमच्या उज्जैनमध्येही एक निराळा वर्ग दवाखान्यात येऊ लागला आहे: वयाच्या मानाने थोराड अंगाची धडधाकट मुले आणि त्यांचे उत्सुक पालक. मुलाला बास्केटबॉलला घालावे की वेगवान गोलंदाजीला, आणखी किती उंच होईल, अकादमीच्या वसतिगृहात पाठवावे का, असे त्यांचे प्रश्न असतात. आणि त्या सर्वांच्या तळाशी एकच, ‘डॉक्टरसाहेब, हा पुढे काही करील का?’ या प्रश्नाचा निम्मा भाग खेळाच्या शिक्षकांचा आहे हे खरे, परंतु उरलेला निम्मा वाढीच्या शास्त्राचा आहे आणि तो आपल्या अभ्यासक्रमातला आहे.

माझ्यापुढे हा प्रश्न सर्वांत काटेकोर स्वरूपात आला तो कॅनडातून. माझी धाकटी बहीण टोरांटोजवळ मिसिसॉगा येथे स्थायिक आहे. तिचा मुलगा सव्वापंधरा वर्षांचा, उंची 187 सें.मी., वजन 82 किलो, आणि खेळ बर्फावरची हॉकी. तेथील ‘ऑन्टारिओ हॉकी लीग’ ही ज्युनिअर स्पर्धा, मुलगा ज्या वर्षी सोळा पूर्ण करतो त्याच वर्षी त्याची निवड करते. निवड झालेली मुले पुष्कळदा घर सोडून दुसऱ्या गावी परक्या कुटुंबात राहतात, तेथल्याच शाळेत जातात आणि हिवाळाभर खेळतात. म्हणजे हा निर्णय साऱ्या घराचा असतो. भाच्याच्या प्रशिक्षकांच्या अहवालाचा सारांश असा होता: शरीर उत्तम, काठीची पोहोच उत्तम, स्केटिंग शंकास्पद. दूरध्वनीवर त्याने मला विचारले, “मामा, मी मुळातच जड आहे का?”

आयुष्यात एकदाही स्केट पायात न घातलेल्या मामाने यावर बोलावे का? स्केटिंगवर नाही, पण शरीरावर अवश्य बोलावे. त्यासाठी आधी स्केटिंग म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. स्केटचे पाते जेमतेम 3 मिलिमीटर रुंद असते आणि त्याच्या तळाशी खोबण काढून दोन धारा केलेल्या असतात, एक आतली, एक बाहेरची. पात्याच्या लांबीच्या दिशेने बर्फ जवळजवळ विरोध करीत नाही. म्हणून धावताना आपण जसा पाय मागे रेटतो तसा तेथे रेटता येत नाही. आतली धार बर्फात रुतवून बाजूला रेटावे लागते. हे रेटणे जितके लांब, तितका वेग अधिक. लांब रेटण्यासाठी गुडघा खोल वाकलेला हवा आणि रेटून झालेला पाय झटकन पुन्हा शरीराखाली यायला हवा. ज्याचा गुडघा सरळ राहतो त्याची पावले आखूड पडतात, तो उभा दिसतो, वळताना त्याचा तोल बाहेर जातो. अहवालात भाच्याविषयी नेमके हेच लिहिले होते.

आता उंच शरीराचे गणित. एखादे शरीर सर्व दिशांनी 10 टक्क्यांनी मोठे झाले, तर स्नायूंचा छेद, म्हणजे साधारणपणे ताकद, 21 टक्क्यांनी वाढते. वजन 33 टक्क्यांनी. आणि ते शरीर गर्रकन फिरवायला होणारा विरोध 61 टक्क्यांनी. मानवी शरीर इतक्या काटेकोर प्रमाणात वाढत नाही, तरी दिशा हीच असते. सरळ रेषेत वेग धरल्यावर लांब पायांचा लाभ होतो. थांबणे, वळणे, पुन्हा निघणे या गोष्टी महाग पडतात. आणि ते मैदान तर 61 मीटर लांब व 26 मीटर रुंद, तेथे सतत थांबणे-वळणेच असते. मोठ्या मुलाने लहान मुलाइतके चपळ दिसावे ही अपेक्षा म्हणूनच पदार्थविज्ञानाला धरून नाही. तो किती चपळ आहे यापेक्षा आपल्या आकाराच्या मानाने किती चपळ आहे, हे विचारले पाहिजे.

उज्जैनकरांना याचे उलटे चित्र परिचयाचे आहे. मल्लखांब 2013 पासून मध्य प्रदेशाचा राज्यक्रीडाप्रकार आहे आणि आमच्या गावच्या योगेश मालवीय यांना त्याच खेळासाठी 2020 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खांबावर ठेंगणी, हलकी मुले सरस दिसतात, याचे कारण वरचेच गणित. त्यामुळे उंच होऊ लागलेला मुलगा तेथून हळूहळू गळतो. कॅनडात उंचीमुळे मुलगा निवडला जातो, येथे उंचीमुळे वगळला जातो. दोन्हीकडे पाहणाऱ्याचे डोळे आजच्या शरीरावर खिळलेले असतात.

बालरोगतज्ज्ञाला एक सवय लागलेली असते. वाढीच्या तक्त्यावरच्या एका ठिपक्यावर तो विश्वास ठेवत नाही, ठिपके जोडणारी रेषा मागतो. आपण 5 ते 18 वर्षांसाठी वापरतो तो भारतीय बालरोग अकादमीचा 2015 चा तक्ता पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर व सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून आला, ही मराठी वैद्यकविश्वाला अभिमानाची बाब. मी बहिणीकडून जुनी मोजमापे मागवली. तेराव्या वाढदिवशी 169, चौदाव्या 179, पंधराव्या 186 सें.मी. म्हणजे वाढीच्या वेगाचे शिखर चौदाच्या आधीच येऊन गेले होते. मुलांमध्ये ते सरासरीने चौदाच्या सुमारास येते, कोणाचे बाराव्या वर्षी तर कोणाचे सोळाव्या. आईवडिलांची उंची 168 व 183. त्यांची बेरीज, त्यात 13 मिळवून निम्मे केले की 182 येतात, अधिक-उणे सुमारे 8 सें.मी. तो या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी पोहोचला होता. तेव्हा तो आणखी पुष्कळ उंच होईल ही घरच्यांची आशा मी सौम्यपणे बाजूला ठेवली. त्याची उंची काही अंशी लवकर आलेली उंची होती. पुढच्या दोन वर्षांत इतर मुले त्याच्या खांद्याशी येणार.

मात्र याच रेषेत त्याच्या स्केटिंगविषयी आशेचे कारणही होते. वाढीच्या लाटेत आधी पाय लांबतात, मग धड. स्नायूंची ताकद उंचीच्या शिखरानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षभराने जोर धरते. मधल्या काळात मुलाला नवे, लांब हातपाय मिळालेले असतात आणि ते आवरणारी ताकद व सराव जुन्या मापाचे असतात. मांडीचे व पोटरीचे स्नायू ताठरतात, गुडघा खोल वाकत नाही. दोन वर्षांपूर्वी जो सफाईने वळत होता तो अचानक बोजड दिसू लागतो आणि नेमक्या त्याच हंगामात निवडकर्ते कागद घेऊन बसलेले असतात! भाच्याची बाराव्या वर्षीची चित्रफीत पाहिली. गुडघा छान वाकलेला, पाय झटकन परत येणारा. जे अंगी होते ते वाढीत झाकले गेले असण्याचा संभव मोठा होता. बाराव्या वर्षीही गुडघा सरळच असता तर माझे मत निराळे झाले असते.

व्यावसायिक हॉकीचा इतिहासही येथे उद्‌बोधक आहे. स्लोव्हाकियाच्या त्रेन्चिन गावचा झ्देनो खारा, 6 फूट 9 इंच. वडील 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमधले कुस्तीगीर. ‘इतक्या उंच मुलाने बास्केटबॉल खेळावा’ हे त्याने लहानपणी ऐकले. 1996 मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला तिसऱ्या फेरीत, 56 व्या क्रमांकावर घेतले. 2009 मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू ठरला, 2011 मध्ये बॉस्टनचा कर्णधार म्हणून त्याने स्टॅन्ली चषक उचलला आणि 1680 सामने खेळून 2022 मध्ये निवृत्त झाला. त्याच देशाचा 6 फूट 7 इंचांचा बोरिस वालाबिक 2004 मध्ये अटलांटाने पहिल्याच फेरीत, दहाव्या क्रमांकावर घेतला. त्याचे सामने झाले 80. दुखापती आड आल्या हे खरे. पण खाराच्या यशानंतर उंचीचा भाव वधारला होता, असे मला वाटते.

जन्मतारखेचाही यात वाटा असतो. कॅनडात वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. बार्न्सली व सहकाऱ्यांनी 1985 मध्ये दाखवून दिले, की तेथील वरच्या ज्युनिअर संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची संख्या शेवटच्या तिमाहीतल्यांच्या कितीतरी पट असते. अकरा महिन्यांचे मोठेपण गुणवत्ता म्हणून खपते. आपल्याकडे हा अभ्यास अवघड, कारण एका पिढीच्या निम्म्या वर्गाचा जन्म शाळामास्तरांच्या कृपेने जूनच्या पहिल्या तारखेला झालेला! मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढण्याची टॅनर-व्हाइटहाउस पद्धत क्रिकेट मंडळ 16 वर्षांखालील मुलांसाठी वापरते. परंतु हाडाचे वय आणि जन्माचे वय निरोगी मुलातही वर्षभराने सहज वेगळे असू शकते. त्या चित्रावरून वयाचा दाखला मागणाऱ्यांना मी तो देत नाही.

सहकाऱ्यांसाठी दोन गोष्टी आग्रहाने नोंदवतो. पहिली, उंच व सडपातळ मुलात हातांचा पसारा उंचीहून 5 टक्क्यांपेक्षा अधिक असेल, छाती आत गेलेली असेल, चष्म्याचा क्रमांक फार असेल, तर मार्फान विकाराची शंका घेऊन हृदयाची प्रतिध्वनी तपासणी करावी. अमेरिकेची सहा फूट पाच इंचांची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन 1986 मध्ये जपानात सामना चालू असतानाच कोसळली आणि मरण पावली. महाधमनी फाटली होती व मूळ विकार हाच होता. दुसरी, भारी अंगाचा किशोर गुडघा दुखतो म्हणून लंगडत आला तर खुबा तपासल्याशिवाय त्याला परत पाठवू नये. मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या पट्टीवरून घसरलेले असते आणि वेदना गुडघ्यात सांगितली जाते. अशा मुलाला ‘आळशी’ म्हणून पळवत ठेवले तर खुबा कायमचा जातो.

भाच्याच्या बाबतीत या दोन्ही शंका तेथील डॉक्टरांनी निकालात काढल्या. क्ष-किरण चित्र काढू नका असे मी सांगितले, कारण त्याने आमचा कोणताही निर्णय बदलणार नव्हता. बहिणीला एक वही घालायला लावली आहे. दर तीन महिन्यांनी उभी उंची, बसलेली उंची, वजन. त्याच दिवशी बर्फावर एकाच अंतराचा वेळ, डावीकडून व उजवीकडून वळण्याचा वेळ, आणि बाजूने काढलेली एक मिनिटाची चित्रफीत. प्रशिक्षकांनी वजन उचलण्याआधी घोटा व खुबा मोकळा करण्याचे व्यायाम द्यावेत, ही विनंती त्यांनी मान्य केली. निवड झाली तरी पहिले वर्ष घरून जाता येईल अशाच गावी खेळायचे, असे मेहुण्यांनी ठरवले आहे. भाचा त्यावर नाराज आहे. पहिल्या तीन महिन्यांत उंची 1 सें.मी. वाढली. उजवे वळण सुधारले आहे, डावे अजून तसेच आहे.