राजमाचीच्या पायथ्याशी रानाची पुस्तकं

खोपोलीच्या ईशान्येला, उल्हास नदीच्या खोऱ्यावर, श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले उभे आहेत. अनेक मराठी वाचकांनी ते पायांनी चढण्याआधी पुस्तकात चढलेले असतात. गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी इथलीच. मुंबईत मुलाकडे राहून कंटाळलेला एक म्हातारा माचीवर परत येतो आणि पठारावर एकटा राहू लागतो. सोबतीला झाडं, जनावरं, पाखरं, वारा आणि पाऊस. मोठं कथानक असं नाही. तरीही एवढ्या वर्षांनी हे पुस्तक वाचलं जातं, त्यावर बोललं जातं.

बोलायला बसलं की वाचकांचे दोन तट पडतात. काहींना बुधाचं एकटेपण सोसत नाही. म्हाताऱ्या माणसाने असं डोंगरावर मरणाची वाट बघत राहायचं का, असा त्यांचा प्रश्न असतो. दुसऱ्यांना तो एकटा वाटतच नाही. मी दुसऱ्या तटातला. बुधाला आजूबाजूच्या प्रत्येक झाडाशी आणि जनावराशी काहीतरी काम आहे, त्यांची काळजी आहे, त्यांच्यावर राग आहे. निसर्ग पाहायला तो माचीवर आलेला नाही. तो तिथे राहायला आला आहे. रानावरच्या पुस्तकांत हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

तळेगाव दाभाड्याला राहणाऱ्या गोनीदांना हा डोंगरपट्टा पायाखालचा होता. त्यांची आणखी एक कादंबरी, ‘जैत रे जैत’, कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकर आदिवासींची. भगताचा मुलगा नाग्या, त्याला राणी माशीचं दर्शन घ्यायची आस, मग माशीच्या डंखाने गेलेला डोळा, आणि त्यातून लिंगोबाच्या डोंगरावरच्या मोहोळांशी मांडलेलं वैर. जब्बार पटेलांचा 1977 सालचा चित्रपट, ना. धों. महानोरांची गीतं आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत यांमुळे ही गोष्ट घरोघर पोचली. पण चित्रपट पाहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी कादंबरी उघडलेली नसते, याची हळहळ वाटते.

कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं खरोखर लागतात. ढोलीच्या अंधारात पोळी बांधणारी सातेरी वेगळी, झुडपात छोटं पोळं लावणारी फुलोरी वेगळी. आग्या माशी उघड्या कड्याला किंवा उंच झाडाला एकच मोठं पोळं टांगते आणि ऋतू बदलला की मुक्काम हलवते. धक्का लागला तर सगळं पोळं एकदम अंगावर येतं. हे माहीत असलं की नाग्याच्या हट्टाची किंमत कळते. मध काढणारा ठाकर किती जोखीम घेतो हे समजल्यावर ती कादंबरी दंतकथा राहत नाही.

अलीकडे हे पुस्तक वाचताना आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी ठाकरांची. 27 मृतदेह हाती लागले. 50हून अधिक माणसं मातीखालीच राहिली. वाचलेल्यांचं पुढे चौकजवळ पुनर्वसन झालं. ज्या डोंगराला देव मानून माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तोच अंगावर आला. गोनीदांच्या ठाकरांवर बोलणाऱ्या वाचकाने या ठाकरांनाही विसरू नये. पुस्तकातलं रान सुंदर म्हणून मिटवून ठेवता येतं, रानातली माणसं तशी ठेवता येत नाहीत.

मराठीत रानावरचं सगळ्यात भरघोस लेखन मात्र विदर्भाच्या जंगलांनी दिलं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांतल्या झगड्याची. तिला 1983चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचं नाव पाहून कित्येक जण ती राजकारणाचं रूपक म्हणून वाचतात. तसं वाचता येतं, पण त्यात नुकसान आपलं आहे. माडगूळकरांनी वानरांना वानर राहू दिलं, हीच त्या पुस्तकाची ताकद. टोळीचा नवा नर लहान पिल्लांना मारतो हे वाचून कुणी अस्वस्थ झालं, तर त्याने ते माणसांवर न ढकलता वानरांपाशीच थांबून पाहावं.

मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथे रमले आणि कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा होता, म्हणून आम्हा रायगडकरांना ते थोडे आपले वाटतात. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’, ‘चकवाचांदण’ ही त्यांची पुस्तकं. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले. त्यांच्याकडून मला शिकावीशी वाटते ती शिकण्याची रीत. नवेगावचे माधवराव पाटील, वनरक्षक, मासे पकडणारे ढीवर, गोंड म्हातारे, यांच्याकडून त्यांनी नावं, सवयी, समजुती वेचल्या आणि कुणाकडून घेतलं ते सांगितलंही. म्हणून त्यांची पानं जिवंत वाटतात.

यातून एक विचित्र गोष्ट घडली आहे. खोपोली-कर्जतच्या वाचकाला नागझिऱ्यातलं पाणवठ्याचं झाड माहीत असतं; घरामागच्या डोंगरावरचं काकडाचं झाड माहीत नसतं. पावसाळा लागला की ठाकर-कातकरी बाया बाजारात शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळांची खाज मोडायला सोबत काकडाची आंबट फळं लागतात, आणि न विचारताच त्या ती पुढे करतात. पाठोपाठ भारंगी, टाकळा, कुलू, कर्टुली येतात. कुठली भाजी कधी कोवळी असते, कुठल्या उतारावर मिळते, मुळासकट का उपटायची नाही, हे त्या टोपल्यांमागच्या डोक्यांत आहे. आपण भाव विचारून पुढे जातो.

कारवीचंही तसंच. वर्षानुवर्षं नुसती हिरवी वाढणारी ही झुडपं सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरतात. तिच्या काठ्यांच्या कुडाला माती-शेण लिंपून ठाकरांची घरं उभी राहिली. फुलोऱ्याच्या वर्षी छायाचित्रकारांची रांग लागते, पुढची सात वर्षं तिचं नाव निघत नाही. मेअखेरीला राजमाचीवर काजवे पाहायला होणारी गर्दी तर चिंता करण्यासारखी आहे. काजव्याचा प्रकाश ही नराने मादीला आणि मादीने नराला दिलेली खूण असते. टॉर्च आणि गाड्यांचे दिवे त्यात घुसले की ती खूण पोचत नाही. बुधा वाचून माचीवर जाणाऱ्याने निदान दिवा विझवून जावं.

रानावरचं पुस्तक कसं वाचावं, याबद्दल माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. दुर्गा भागवतांचं 1956 सालचं ‘ऋतुचक्र’ एका बैठकीत वाचून संपवू नये. चैत्राचा लेख चैत्रात, आषाढाचा आषाढात वाचावा, आणि त्या आठवड्यात बाहेर पडून पाहावं. पळस, पांगारा, सावर आपल्याकडे केव्हा फुलले, पुस्तकाच्या आधी की नंतर? बाईंनी झाडं जितक्या हौसेने पाहिली तितक्याच नेमकेपणाने लिहिली, त्यामुळे त्यांच्याशी अशी गाठ घालता येते. थोरोच्या ‘वॉल्डन’चा मराठी अनुवादही त्यांचाच, ‘वॉल्डनकाठी विचार-विहार’. बुधाच्या जोडीला तो ठेवून वाचला की एक गोष्ट ठळक दिसते. थोरो काही काळ तळ्याकाठी राहून गावात परतला. बुधाचं गाव म्हणजे माचीच होती.

वाचणं एकट्याचं असलं तरी अशी पुस्तकं मोठ्याने वाचली की खुलतात. गोनीदांच्या कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वर्षानुवर्षं केलं. त्यासाठी नेपथ्य लागत नाही, मोठं सभागृह लागत नाही. आपल्या भागातल्या कुठल्याही वाचनालयाला ते जमेल. ‘जैत रे जैत’चं वाचन एखाद्या ठाकरवाडीतही व्हावं, आणि ऐकल्यावर तिथल्या म्हाताऱ्यांनी गोनीदांचं कुठे बरोबर आहे, कुठे चुकलं आहे, ते सांगावं.

कर्जत-खालापूरच्या डोंगराचं, इथल्याच माणसाने आतून लिहिलेलं असं पुस्तक मला हवं आहे. वाडीवरची शिकलेली मुलं-मुली आता शाळा-कॉलेजांत आहेत. आजीकडून भाज्यांची नावं, आजोबांकडून मोहोळाच्या जागा आणि देवांच्या गोष्टी उतरवून घेणं त्यांच्याइतकं कुणाला साधणार नाही. शिक्षकांनी त्यांना वह्या द्याव्यात, दिवाळी अंकांच्या संपादकांनी पानं द्यावीत. आणि वाचकहो, पुढच्या पावसाळ्यात शेवळं घ्याल तेव्हा भावाची घासाघीस न करता टोपलीवाल्या मावशींना एवढं विचारा, ‘ही कुठल्या डोंगरावरची?’ आणि त्या सांगतील ते घरी येऊन लिहून ठेवा.