फांदी नेमकी कुठे कापायची?

एप्रिल-मे आला की गृहनिर्माण सोसायट्यांना महापालिकेची नोटीस येते : आवारातील धोकादायक झाडांची आणि फांद्यांची छाटणी पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी. सेक्रेटरींकडे कुणाचा तरी नंबर असतो. तो माणूस येतो, मान वर करून झाडाकडे बघतो आणि सांगतो, ‘लाकूड मी नेतो, तुम्ही फक्त पोरांची मजुरी द्या.’ कमिटीला हा व्यवहार स्वस्त वाटतो. माझ्या मते झाडाचा घात इथेच होतो. ज्याची कमाई लाकडावर, तो जाड फांद्यांवरच करवत चालवणार, आणि त्या फांद्यांवरच झाडाचा सगळा तोल आणि पसारा उभा असतो.

हे काम महापालिकेचं म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईच्या वृक्षगणनेत २९,७५,२८३ झाडं मोजली गेली. त्यांतली रस्त्याच्या कडेची झाडं फक्त १,८५,३३३. खासगी आवारांतली तब्बल १५,६३,७०१. निम्म्याहून जास्त झाडांचं काय करायचं हे सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात ठरतं, आणि बहुतेक वेळा झाडांची माहिती नसलेली माणसं ते पंधरा मिनिटांत ठरवतात.

फांदी कशी कापावी यामागे पक्कं शास्त्र आहे. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून आतली कुज कशी पसरते ते पाहिलं. त्यांना दिसलं ते असं : झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतल्या आत बंदिस्त करतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. जिथे फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. बंदिस्त करण्याची ही ताकद त्या कड्यात असते. म्हणून काप त्या कड्याच्या अगदी बाहेर घ्यायचा. खोडालगत सपाट कापलं तर कडंच जातं आणि कुज थेट खोडात शिरते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, सडतो आणि वाळवीला वाट करून देतो.

जड फांदी एका दमात कापली तर ती पडताना खालची साल खोडापर्यंत सोलत नेते. त्यासाठी तीन काप असतात. पहिला खोडापासून थोडा दूर, खालून, अर्धवट. दुसरा त्याच्याही जरा पुढे, वरून. इथे फांदी सुटते. राहिलेला खुंट तिसऱ्या कापाने कड्याबाहेर काढायचा. कापल्यावर डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याची आपल्याकडे फार हौस आहे. त्याने कुज थांबत नाही, हेही शायगो यांनी दाखवून दिलं होतं.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे शेंडा मारणं. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष वरून सपाट कापला की पहिल्या पावसात त्याला दाट धुमारे फुटतात. बघणाऱ्याला वाटतं, झाड पुन्हा जोमाने वाढतंय. खरं तर पानं गमावलेलं झाड साठवलेलं अन्न खर्चून जगायची धडपड करत असतं. हे धुमारे खोडाच्या बाहेरच्या थरालाच धरलेले असतात. काही वर्षांत ते जड होतात आणि वाऱ्यात मुळापासून निसटतात. म्हणजे धोका टाळायला केलेल्या कापणीतूनच पुढचा धोका वाढतो. इमारतीकडची बाजू साफ आणि रस्त्याकडची तशीच, अशी छाटणीही तोल बिघडवते. एका वर्षात पानोऱ्याच्या पाव भागाहून अधिक काढू नये, असा जाणकारांचा दंडक आहे.

झाड कधीच पाडू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबईत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने पर्जन्यवृक्ष वठले. वठलेलं झाड वर्दळीच्या जागी उभं ठेवणं हा माणसांच्या जिवाशी खेळ आहे. बुंध्याशी लाकडासारखी कडक आळंबी दिसली, एका बाजूची माती उचलली गेली किंवा तिला भेगा पडल्या, तर झाड हिरवंगार असूनही आतून गेलेलं असू शकतं. हे ओळखणारा माणूस आधी आणायचा, कापणारा नंतर. पाहणीचे पैसे वेगळे द्यायचे, आणि शक्यतो त्या माणसाला कापणीचं कंत्राट द्यायचंच नाही. ‘काही कापायची गरज नाही’ हे उत्तर त्याला मोकळेपणाने देता आलं पाहिजे.

कायद्याचंही पाहावं लागतं. शहरी भागांसाठी १९७५चा महाराष्ट्राचा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याचं बंधन आलं. मुंबईत आपल्याच आवारातल्या छाटणीलाही उद्यान विभागाची परवानगी लागते. ‘परवानगीचं मी बघतो’ असं ठेकेदार म्हणाला, तरी तो कागद सोसायटीच्या नावाचा हवा आणि काम सुरू होण्यापूर्वी हातात हवा.

मग ठेकेदाराशी बोलताना किती कापणार हे विचारण्याआधी कुठे कापणार हे विचारा. खडूने खुणा करायला सांगा. गेल्या वर्षी त्याने छाटलेलं एखादं झाड प्रत्यक्ष जाऊन बघा. कापांभोवती नव्या सालीची गोल कड चढत असेल, तर त्याच्या हाताला कसब आहे. जिवंत झाडावर टोकदार काटे लावून चढणारा माणूस नको, प्रत्येक पावलाला तो नवी जखम करतो. आणि चढणाऱ्या पोराकडे नीट पाहा. अनवाणी पाय, कमरेला कोयता, दोर नाही, हेल्मेट नाही, असं असेल तर काम थांबवा. तो पडला तर त्याच्या घरी पुढे काय होणार, याचा विचार कमिटीच्या बैठकीत दराच्या आधी व्हायला हवा. विमा आहे का, मोठे तुकडे दोराने उतरवणार का, जवळून वीजवाहिनी जात असेल तर पुरवठा बंद करून घेतला का, हे सगळं लेखी असावं.

त्याच कामात बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक उखडून घ्या. २०१३मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या यंत्रणांना झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढं मोकळं आळं आपल्यालाही करता येतं. ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर, पाहणी करणाऱ्याला परत बोलवा आणि काप कसे धरताहेत ते बघायला सांगा. या दुसऱ्या फेरीचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.