रिसीव्हरची गार-गरम परीक्षा

रेडिओ दुर्बिणीची भलीमोठी डिश पाहिलीय? ती नुसती गोळा करणारी, बरं का! आकाशातून आलेल्या रेडिओलहरी ती एका जागी आणून सोडते. त्या टिपायचं खरं काम तिथे बसवलेल्या रिसीव्हरचं.

दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या आटाकामा वाळवंटात, 5000 मीटर उंचीच्या पठारावर ‘आल्मा’ ही दुर्बीण आहे. तिच्या डिश चक्क 66! तिचे काही रिसीव्हर तयार झाले जपानच्या राष्ट्रीय वेधशाळेत, टोकियोजवळच्या मिताका इथे. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान लहरी टिपणारे रिसीव्हर तिथे 73 बनवले, म्हणजे 66 डिशसाठी 66 आणि उरलेले राखीव. प्रत्येकाची परीक्षा आधी, पाठवणी नंतर.

पण प्रयोगशाळेत परीक्षेसाठी तारे आणायचे कुठून?

आणायला लागतच नाहीत. प्रत्येक वस्तू थोड्याफार रेडिओलहरी सोडतच असते. भिंत सोडते, बर्फ सोडतो, हे वाचता वाचता तुम्हीही सोडताय! वस्तू जितकी गरम, तितक्या लहरी जास्त. मग शास्त्रज्ञ काय करतात, तर काळ्या फोमचा एक तुकडा घेतात. त्याच्यावर टोकंच टोकं असतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या लहरी तो गिळून टाकतो आणि सोडतो फक्त आपल्या तापमानाच्या लहरी. आधी खोलीइतकाच उबदार फोम रिसीव्हरसमोर धरायचा. त्याचं तापमान साधारण 300 केल्विन. (केल्विनचा शून्य म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअस.) आकडा टिपायचा. मग तसाच फोम द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून समोर आणायचा. आता तापमान 77 केल्विन. भांड्यावरून पांढरा धूर ओघळत असतो, पण तो नायट्रोजन नव्हे हं. नायट्रोजन दिसत नाही. ते हवेतलंच बाष्प, गारठून ढग झालेलं.

आता गणित. 300 ला 77 ने भागलं तर उत्तर येतं जवळजवळ 3.9. म्हणजे गरम फोमच्या लहरी गार फोमच्या 3.9 पट दिसायला हव्यात. प्रत्यक्षात त्या नेहमी कमीच पट दिसतात! कारण रिसीव्हर स्वतःही कुरकुरत असतो. कुणी कानात कुजबुजावं आणि नेमकं आपलंच पोट गुरगुरावं, तसं. समजा, ही गुरगुर 50 केल्विनची आहे. ती दोन्ही आकड्यांत मिसळते. 350 भागिले 127, उत्तर 2.8 च्या आसपास. गुरगुर 1000 ची असेल, तर 1300 भागिले 1077, जेमतेम 1.2. पट जितकी कमी, तितका रिसीव्हर गोंगाटी. दोन फोम आणि एक भागाकार, एवढ्यात चोर सापडतो! मला तर या सगळ्या प्रकारात हीच युक्ती सर्वांत आवडते.

गुरगुर कमी करायला रिसीव्हर गारठवतात, 4 केल्विनपर्यंत. म्हणजे उणे 269 अंश! एवढ्या थंडीत आतला निओबियम धातू अतिवाहक होतो, विजेला अजिबात अडवत नाही. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या रिसीव्हरना असं गारठवावं लागत नाही. तिथे टिपतात त्यांतल्या जास्त लांब लहरींत आकाशगंगेचाच गोंगाट एवढा असतो, की रिसीव्हरची कुरकुर फारशी जाणवत नाही.

मिताकाहून रिसीव्हर गेले जोडणी केंद्रात. तिथे वेगवेगळ्या देशांत बनलेले रिसीव्हर एकाच मोठ्या, पिंपासारख्या शीतपात्रात बसवले आणि ते अख्खं पात्र झुकवून पाहिलं. कारण डिश आकाशात इकडेतिकडे वळणार, तिच्याबरोबर हेही कलंडणार. तेव्हा आकडे डळमळले, तर दुरुस्ती करा.

चिलीत पोचल्यावरही सुटका नव्हती. 2900 मीटरवरच्या तळावर पुन्हा तपासणी झाली, मगच वर रवानगी. वर हवा इतकी विरळ, की साधा स्क्रू पिळायला जाणाराही सोबत प्राणवायूची नळकांडी घेऊन जातो.