वाल्पराइसो : टेकड्यांवरचे बंदर

चिली देशातील वाल्पराइसोच्या बंदरात बोट शिरू लागते तेव्हा प्रथम नजरेत भरतात त्या टेकड्या. समुद्रालगत सपाट जमीन अगदी थोडी, आणि तीही बरीचशी भराव घालून मिळविलेली. तिच्या पाठीशी चाळीसहून अधिक टेकड्या अर्धवर्तुळात उभ्या आहेत. त्यांच्या उतारांवर नालीदार पत्र्याने मढविलेली, पिवळी, निळी, तांबडी घरे एकावर एक चढत गेली आहेत. बोट सायंकाळी सुटणार असल्यास प्रवाशाच्या हाती जेमतेम आठ तास उरतात. एवढ्या वेळात हे शहर पाहावयाचे तर पायीच पाहावे. वाहनातून त्याच्या पायऱ्या दिसत नाहीत, आणि पायऱ्यांवाचून हे शहर समजत नाही.

धक्क्यावरून बाहेर पडताच सोतोमायोर चौक लागतो. तेथील नौदलाचे स्मारक सारेच पाहतात. परंतु चौकातच असलेल्या अग्निशामक दलाच्या जुन्या इमारतीपाशी घटकाभर थांबावयास हवे. डिसेंबर १८५० मध्ये शहरात मोठी आग लागली, आणि पुढील वर्षी, ३० जून १८५१ रोजी, नागरिकांनीच येथे स्वयंसेवी अग्निदल स्थापन केले. देशातील हे पहिले दल. इंग्रज, जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या समाजांनी आपापल्या तुकड्या उभारल्या. आजही चिलीतील अग्निशामक वेतन घेत नाहीत; दिवसा दुकान, कचेरी वा शाळा सांभाळणारा मनुष्य भोंगा वाजताच धावतो. इतकेच नव्हे, तर सदस्य म्हणून तो दरमहा वर्गणीही भरतो. परोपकाराची ही रीत पावणेदोनशे वर्षांकडे निघाली आहे.

चौकापासून थोड्याच अंतरावर टेकडीवर नेणारे ‘आसेन्सोर’ आहेत. तिरप्या रुळांवर दोन डबे दोराने परस्परांना जोडलेले असतात. एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. कोन्सेप्सिओन टेकडीचा आसेन्सोर १८८३ मधील, शहरातील सर्वांत जुना. पाहुण्यांना ही गंमत वाटते. स्थानिकांच्या दृष्टीने मात्र ती बाजारहाट करून घरी परतण्याची वाट आहे. पूर्वी असे सुमारे तीस होते, त्यांतील अनेक बंद पडले. ते बंद पडले की वृद्धांच्या वाट्याला शेकडो पायऱ्या येतात.

वर पोहोचल्यावर सेंट पॉलचे अँग्लिकन प्रार्थनामंदिर दिसते. १८५८ मध्ये ते बांधले गेले तेव्हा राज्याचा धर्म कॅथलिक होता आणि इतरांच्या जाहीर उपासनेवर निर्बंध होते; म्हणून या वास्तूला मनोरा नाही, बाहेरून ती साध्या घरासारखीच वाटते. पांतेओन टेकडीवर अशा ‘भिन्नमतवाद्यांची’ दफनभूमीही निराळी आहे. परमुलखी अल्पसंख्य म्हणून राहिलेल्या कोणत्याही समाजाला येथे क्षणभर थबकावेसे वाटेल.

भोजनाची चिंता शाकाहारी प्रवाशाला सतावते. येथे ‘मान्तेका’ या शब्दाचा अर्थ प्राण्याची चरबी असा आहे, आणि पिठाच्या पदार्थांत, पुष्कळदा ‘एम्पानादा’ नावाच्या कानोल्यासारख्या पदार्थातही, ती असते. तेव्हा आधी विचारणे श्रेयस्कर. पाव आणि ‘पाल्ता’, म्हणजे अव्होकाडो, यांवर दुपार सुखाने निभते. उन्हाळ्यात पीच, द्राक्षे, चेरी मुबलक मिळतात. बटाटा वर्ज्य मानणाऱ्याने बटाट्याच्याच मायभूमीत यावे, हाही एक योगच! सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम मात्र येथे सुकर होतो, कारण जानेवारीत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो.

केप हॉर्नला वळसा घालून येणारी जहाजे एके काळी येथे विसावा घेत. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला आणि ती वर्दळ ओसरली. त्याआधी, १९०६ मध्ये, भूकंपाने शहराचा मोठा भाग पाडला होता. २००३ साली युनेस्कोने येथील ऐतिहासिक विभागाला जागतिक वारसा ठरविले. पण हा वारसा खालच्या काही टेकड्यांपुरता. त्यांच्याही वर, निलगिरीच्या वनांना खेटून, गरिबांची घरे घळींतून पसरली आहेत. एप्रिल २०१४ मध्ये तेथे वणवा पेटला; पंधरा माणसे दगावली, अडीच हजारांहून अधिक घरे जळाली. अरुंद वाटांवर बंब पोहोचणे कठीण, उतार तीव्र, वारा सुसाट. तरीही वर चढले ते बिनपगारी अग्निशामकच. बोटीतल्या प्रवाशाला या वस्त्या रात्री फक्त दिव्यांच्या रूपात दिसतात.

परतीला आसेन्सोर न घेता पायऱ्यांनी उतरावे. भिंतींवरची चित्रे, उन्हात झोपलेली कुत्री, दोरीवर वाळणारे कपडे आणि प्रत्येक वळणावर पुन्हा दिसणारा समुद्र, असा तो उतार आहे. गुडघे दुखू लागतात तेव्हा कुठे चौक येतो. अग्निदलाच्या दारातून लालभडक बंब बाहेर डोकावत असतात. आणि पलीकडे, धक्क्यावर, बोटीची शिडी अजून काढलेली नसते.